खुशालरावच्या मशीनीचं पाणी

आमच्या बुढ्याचं नाव खुशालराव. नाव कोणी ठेवलं मले माहीत नाही, पण हा माणूस एक दिवस खुशाल बसलेला मी पाह्यला नाही. सदा कोणावर तरी नजर. दूधवाला आला का पातेल्यात बोट बुडवून पायते. भाजीवाली तोलून रायली त हा ताजव्याच्या काट्यापाशी वाकून उभा. लग्नाची पत्रिका आली तरी म्हणते, "यायनं आपल्याले काहून बोलावलं असन?" अवो, जेवाले बोलावलं, दुसरं काय! मी दुर्गाबाई, त्याची बायको. सारा संसार मी या नजरेखाली केला. म्हणून मले बोलाचा हक्क हाये, अन् मी बोलणार.

आता सारा दोष त्याचाच हाये असंबी नाही. आमचं गाव दर्यापूरकडचं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळीभोर, कापसाची पऱ्हाटी मस्त, पण विहीर खणली का खारं पाणी. त्या पाण्यात तुरीची डाळ टाका अन् दिवसभर चूल पेटवा, डाळ जशीच्या तशी. साबण घासा, फेस नाही. गोडं पाणी आणाले बायायले शेजारच्या गावच्या विहिरीवर जा लागे. नळ आला तो लय मांगून. म्हणून आमच्याकडं पाण्याची परीक्षा एकच. "पाणी कसं हाये?" "डाळ शिजते." बस, झालं. गोडं पाणी कोणी सांडलं त माही सासू अशी तोंड सोडे का गल्ली जमा होये. पाहुण्यानं वरून पाणी पेलं अन् अर्धा गिलास ठेवला, त ते उरलेलं परत मडक्यात. फेकणं ही गोष्टच त्या घरात नव्हती. बुढा त्याच घरात वाढला.

मंग आमी अकोल्याले आलो अन् तो जिनिंगमध्ये कामाले लागला. काम काय, त कापसाच्या गाड्या आल्या का कोपरापर्यंत हात खुपसून पाहाचं, वजन वाढवाले कोणी आतून पाणी मारलं का. अन् कोणी ना कोणी सापडे! घरी येऊन मोठ्या तोऱ्यात सांगे, "वरून कोरडा दिसला म्हणून माणूस आतून कोरडा नसते, समजलं का?" तिथून जे डोकं फिरलं ते फिरलंच. जिनिंग सुटली, पण हात खुपसाची खोड काही सुटली नाही.

जुन्या शहरात आमचं घर, भिंतीले भिंत लागून. बुढा असा घोरे का शेजारची तानुबाई सकाळी मले इचारे, "काल ट्रॅक्टर कोणाचा चालू होता वं?" आमी हसण्यावारी नेलं. पण मंग तो दिवसाबी झोपाले लागला. घास हातात, अन् डोळे मिटलेले. एक दिवस मोर्णा नदीच्या पुलावर स्कूटी चालवता चालवता डुलकी लागली अन् कठड्याले जाऊन धडकला. हाड मोडलं नाही, पण मी त पार हादरून गेली. डॉक्टरनं तपासण्या केल्या. झोपेत याचा श्वास घडीघडी अडकते म्हणे, अन् हृदयाले ताण पडते. आमच्या पोराले, कुलदीपले, बाजूले घेऊन डॉक्टर बोलला का मशीन लावली नाही त एखाद्या दिवशी झोपेतच जातीन. त्याले वाटलं मले ऐकू आलं नाही. मले सारं ऐकू आलं होतं.

मशीन आली. सीपॅप म्हणतात तिले. नाकावर मास्क, मास्कले नळी, अन् मशीन हवा ढकलत राहते म्हणजे श्वासाची वाट बंद होत नाही. हवेनं नाक-घसा कोरडा पडू नये म्हणून मशीनीले एक पाण्याची डबी लावलेली. हातभर नाही, वितभर डबी, पण तिनं आमच्या घरात महाभारत केलं.

आमची सून आकांक्षा, अमरावतीची. हुशार, हाताले चपळ, अन् कोणाचं फुकटचं ऐकून न घेणारी. म्हणूनच मले आवडते. मशीनवाल्याले तिनं खोदून खोदून सारं इचारून घेतलं. डबीत नळाचं पाणी टाकाचं नाही, फिल्टरचंबी नाही, कारण त्यातल्या क्षारानं पांढरा थर धरते. डिस्टिल्ड पाणीच टाकाचं. सकाळी उरलेलं फेकाचं, डबी साबणानं धुवाची, सावलीत कोरडी कराची. आठवड्यातून एकदा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवाची.

"डिस्टिल्ड?" बुढा उठूनच बसला. "ते त इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात. माह्या नाकात बॅटरीचं पाणी?"

"मामाजी, हे मेडिकलमधलं हाये. सीलबंद," आकांक्षा सासऱ्याले म्हणे.

"सील कोणीबी लावते."

"बाटलीवर लिहिलं हाये ना."

"लिहिणाराले तू पाह्यलं का?"

आकांक्षा माह्याकडं पाहे, मी वर आढ्याकडं पाहो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेली, त बुढा गॅसपाशी उभा अन् लहान्या पातेल्यात तुरीची डाळ शिजून रायलेली. डिस्टिल्डच्या पाण्यात! मीनं कपाळावर हात मारून घेतला. आकांक्षाची त हसून हसून पुरेवाट झाली. पण डाळ अशी शिजली होती का घोटाचीबी गरज नाही. बुढा चमच्यानं दाबून पाहे, पुन्हा पाहे. मंग बाटलीतलं पाणी तळहातावर घेऊन चाखलं. अन् मले म्हणे, "अवं, असं पाणी मी जल्मात पाह्यलं नाही. मिठाचा कणबी नाही यात."

खोटं नाही सांगत, त्याचे डोळे भरून आले होते. त्याची माय डोक्यावर पाणी वाहून वाहून म्हातारी झाली, अन् इथी इतकं गोडं पाणी बाटलीत मिळून रायलं होतं. मलेबी गलबलून आलं. त्या दिवसापासून त्यानं मास्क बिनबोभाट लावला.

अन् काय सांगू, माणूस बदलला! जेवताना डुलकी नाही, चेहऱ्यावर तरतरी आली. एक दिवस आपण होऊन आकांक्षाले म्हणे, "पोरी, सकाळचं पाणी मी पाहत जाईन. तू फक्त डबी धुत जाय." आमी दोघीबी खूश. बुढ्यानं काम अंगावर घेतलं म्हणजे त्यानं मशीन मानली. आकांक्षा सकाळी जाये त डबी रिकामी करून ठेवलेली. ती धुये, वाळवे, रात्री बाटलीतून भरे. बाटलीबी चांगली पुरे. कुलदीप म्हणे, पाणी कमी लागत असन. कोणाच्या डोक्यात दुसरं काहीच आलं नाही.

दिवाळीनंतर वास याले लागला. ओलं फडकं कोपऱ्यात पडून राह्यलं त जसा येते तसा. बुढ्याचा घसा खवखवे, मंग खोकला लागला. अन् त्याची नजर जी जरा निजली होती ती टक्क जागी झाली.

पहिला नंबर मेडिकलवाल्याचा. "तुमी या बाटल्या नळावर भरता," असं भर दुकानात त्याले बोलून आला. त्या बिचाऱ्यानं हात जोडले. मंग मशीनवाला. "यानं वापरलेली मशीन पुसून आपल्या गळ्यात मारली." मंग व्हिनेगर. "हे आंबट काय हाये? हे काहून टाकते?" बाहेरचे सारे संपले, तवा नजर घरात आली.

आकांक्षा डबी धुवाले बसली का हा न्हाणीच्या दारात खुर्ची टाकून बसे. ती साबण लावे, हा पाहे. ती खळबळून धुये, हा पाहे. ती डबी खिडकीत उलथी ठेवे, हा उचलून नाकाले लावे. ती एक दिवस चिडलीच. "मामाजी, मंग तुमीच धुता का?"

"मी काहून धुऊ? मी फक्त पाहून रायलो."

पोरीनं दात-ओठ खाल्ले, पण धुणं सोडलं नाही. मीनं बुढ्याले आडोशाले घेऊन झापलं. तो म्हणे, "डबीले वास नाही अन् रात्री पाण्याले वास येते. मधात हात कोणाचा?" मधात हात आकांक्षाचा होता, हे मले नाकारता येईना.

मंग ताप चढला. दवाखान्यात नेला त डॉक्टर म्हणे, "छातीत इन्फेक्शन हाये. ओलाव्यातले जंतू श्वासावाटे गेले असतीन. पाणी रोज बदलता? डबी रोज धुता?"

"हो, रोज," आकांक्षा म्हणे.

अन् बुढा, तापानं फणफणलेला, पण आवाज खणखणीत! नर्स होती, दारात पेशंट उभे होते. साऱ्यायच्या समोर म्हणे, "डॉक्टरसाहेब, ही धुते ते मी डोळ्यानं पाह्यलं. डबी चोख असते. मंग घाण येते कुठून? पाण्यात कोणीतरी काही टाकते. अन् पाणी हीच भरते."

डॉक्टरनं मान खाली घातली. दारातल्या बाया आकांक्षाकडं टकामका पाहाले लागल्या. मले वाटलं धरणी फाटावी अन् बुढ्याले आत घ्यावं, मले नाही. आकांक्षा घरी आली अन् बॅग भराले बसली.

"आई, मी भांडून जाऊन नाही रायली," ती मले म्हणे. "पण उद्या मामाजीले काही झालं, त ज्यायनं आज ऐकलं ते मले मारेकरीण म्हणतीन. मी त्या डबीले आता हात लावणार नाही." कुलदीपनं तिले अमरावतीच्या गाडीत बसवून देलं, अन् वापस आला तो बापाशी बोलेनाच.

मी मात्र बोलली. म्हटलं, "पोरीवर असा आळ घेताना जीभ झडली कशी नाही तुमची?"

"मंग तू सांग. कोण टाकते?"

हेच त दुखणं होतं! उत्तर माह्यापाशीबी नव्हतं. माह्याबी मनात घडीभर पाल चुकचुकली, का पोरगी वैतागून काही कमी-जास्त त करत नसन? तिथच्या तिथी मीनं त्या पालीले झाडू दाखवला. पण आली होती हे खरं.

औषधानं ताप उतरला. डॉक्टरनं बजावून सांगतलं का मशीन सोडाची नाही, श्वास अडकणं काही थांबलं नाही. म्हटलं, आता मी धुते अन् मीच भरते, लावता का? बुढा हो म्हणे. नवी बाटली आणली, मास्क, नळी, डबी, सारं साबणानं धुतलं. काही दिवस बरे गेले. अन् मंग एका सकाळी तोच वास.

बुढ्यानं माह्याकडं पाह्यलं. बोलला नाही, फक्त पाह्यलं. ज्या हातचं खाऊन त्याचे केस पांढरे झाले, त्या माह्या हाताकडं! माह्या डोक्यातून जाळ निघाला. म्हटलं, "अवो, मले माराचंच असतं त भाकरीत नसतं का टाकलं? मशीनीची वाट काहून पाह्यली असती?" त्यानं "नाही वं" म्हणालेबी तोंड उघडलं नाही.

पण रागाच्या भरातच माहं डोकं चाललं. आकांक्षा घरात नाही, तरी वास. डबी मी धुतली, कोरडी केली. मंग राह्यलं काय? मीनं चालू बाटलीचं झाकण काढून नाकाले लावलं. माय वं! वास बाटलीतच होता. कपाटातली दुसरी, न फोडलेली बाटली काढली, सील तोडलं, नाकाले लावली. काहीच नाही. म्हणजे बाटली घरात येते चांगली, अन् घरात आल्यावर नासते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोजच्यासारखी आंघोळीले जाते म्हणून निघाली अन् दारामांगं उभी रायली. आता नजर ठेवाची पाळी माही होती. बुढ्यानं मशीनीची डबी काढली. खांद्यावरचा दुपट्टा बाटलीच्या तोंडावर पसरला, त्याले बोटानं खळगा केला, अन् डबीतलं उरलेलं पाणी त्यातून बाटलीत ओताले लागला. हळूहळू, एक थेंब इकडं-तिकडं जाऊ न देता. डबी उलथी करून टकटक ठोकली. दुपट्टा पिळला, तेबी बाटलीत. झाकण लावलं, बाटली पुसली अन् होती तिथी ठेवली.

"अवो! हे काय करून रायले?"

तो दचकलाबी नाही. "पाणी ठेवून रायलो."

"वापस बाटलीत?"

"मंग फेकू? अर्धंबी सरत नाही रात्रभरात. इतकं गोडं पाणी काय न्हाणीत ओतू? गाळून टाकतो ना मी."

"कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून," तो म्हणे, अन् माह्याकडं असा पाहे का आता मी त्याचं कौतुकच करीन.

मले हसावं का रडावं समजेना. दोन्ही बाटल्या त्याच्या नाकाखाली धरल्या, पहिले नवी, मंग चालू. म्हटलं, "घ्या वास. रात्रभर कोमट होऊन उघडं राह्यलेलं पाणी तुमी रोज चांगल्या पाण्यात मिसळता. खांद्यावरच्या दुपट्ट्यातून! पोरगी घासून घासून डबी लख्ख करे, अन् रात्री तिच्यात हीच घाण भरल्या जाये. आजारी तुमाले कोणी पाडलं नाही. तुमीच पडले."

त्यानं दोन्ही बाटल्या पुन्हा पुन्हा हुंगल्या. जुन्या खोडीनं वाद घालाले तोंड उघडलं, अन् मिटलं. खाटेवर बसला. मंग म्हणे, "म्हणजे आकांक्षाचं काहीच चुकलं नव्हतं."

"काहीच नाही."

"फोन लाव तिले."

"फोनबिन काही नाही," मी म्हटलं. "आळ घेतला तवा चार लोकायसमोर घेतला ना? मंग तिच्या बापासमोर जाऊन सांगा."

मले वाटलं होतं हा फणफण करन. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गुपचूप टोपी घातली. अमरावतीच्या गाडीत बसलो त सारा रस्ता त्याले डुलक्या. चालू बाटली मीनं फेकली होती अन् नवीले हात लावाची त्याची हिंमत होत नव्हती, म्हणून आदल्या रात्री मशीन लावलीच नव्हती. श्वास अडकला का मी कोपरानं ढोसे, तो दचकून जागा होये, पुन्हा मान पडे. म्हटलं, देवा, याले अमरावतीपर्यंत त जागा ठेव.

आकांक्षाच्या बापाचं नाव गोवर्धन, आमचे इवाई. एरवी दारापर्यंत येऊन हात धरून घरात नेणारा माणूस. त्या दिवशी जागेवरून म्हणे, "बसा." आकांक्षानं पाणी आणलं, ठेवलं, अन् भिंतीले टेकून उभी रायली. चहाचं कोणी नाव काढेना.

बुढ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"इवाई, मी तुमच्या लेकीवर आळ घेतला. दवाखान्यात, लोकायच्या समोर. ते पाणी मी नासवलं. डबीतलं उरलेलं रोज मी माह्या हातानं बाटलीत वापस टाको. हिचं काहीच नव्हतं. हिनं मले सांभाळलं, अन् मी हिले चोर ठरवलं."

गोवर्धन इवाई खाली पाहत रायले. आकांक्षाचे डोळे भरले, पण ते पुसून ती समोर आली. लेचीपेची नाही ती.

"मामाजी, मी येईन. पण उद्या पुन्हा खोकला झाला त पुन्हा आळ माह्यावरच येईन ना? खरं सांगा. तुमाले भरोसा हाये का माह्यावर?"

म्हटलं, आता हाव म्हण रे बाप्पा. एक शब्द त बोलाचा हाये.

"नाही," बुढा म्हणे.

इवायानं मान वर केली.

"खोटं काहून बोलू तुह्याशी?" बुढा म्हणे. "जल्मभर कोणावर ठेवला नाही, आता एका दिवसात कुठून आणू? पण पोरी, मी साऱ्या दुनियेवर नजर ठेवली, दूधवाल्यावर ठेवली, तुह्यावर ठेवली, या माह्या बायकोवरबी ठेवली. एकाच माणसावर कधी ठेवली नाही. मले वाटे तो त आपलाच हाये. अन् त्यानंच घात केला." त्यानं आपल्याच छातीवर बोट ठेवलं. "आता त्याच्यावर तू नजर ठेव. मले नाही जमत."

"रोज ठेवीन," आकांक्षा म्हणे. "न्हाणीच्या दारात खुर्ची टाकून. तुमी चिडसान."

"चिडीन," बुढा म्हणे. "तरी ठेव."